टाकळ्याचा डबा

मंजुळाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीत सूर्यनमस्कार घालत होते. फोनवर त्यांची सून रडत होती, झोपेतच गेल्या म्हणाली. मी हातातला नमस्कार पूर्ण केला आणि मगच खाली धावले. जन्मभर शाळेत पीटी शिकवली, व्यायाम अर्धवट सोडायचा नाही हे अंगात मुरलेलं... त्या सकाळी मात्र माझी मलाच लाज वाटली. ती अजून गेलेली नाही.

नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर, मी तिसऱ्या मजल्यावर. उरणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातल्या, मुलाने इथे ब्लॉक घेतला म्हणून आलेल्या. पहिल्याच पावसाळ्यात इमारतीमागच्या मोकळ्या पट्ट्यात, भेंडीच्या डेरेदार झाडाखाली मला वाकलेल्या दिसल्या. काय हरवलं विचारायला गेले, तर ओच्यात टाकळ्याची कोवळी पानं! मला गवत आणि टाकळा यातला फरक कळत नव्हता. त्यांनी हसत माझ्या ट्रॅकसूटचे खिसे भरून दिले. तेव्हापासून आमची जोडी जमली. मान वर करा, हात हलवा, म्हणून मी मागे लागायची. त्या हो हो म्हणत आणि पुन्हा वाकत. कुठे कुर्डूची पानं खुडायची, कुठे टाचा उंचावून शेवग्याची शेंग ओढायची, कुठे खंड्या दिसला म्हणून थांबायचं. अशा तासभर फिरत आणि वर ताज्यातवान्या. भाजी झाली की माझ्या दारात स्टीलचा डबा हजर. याला काय व्यायाम म्हणतात, असं मी भाजी खाऊन वर त्यांनाच सुनवायची. चिखलात घसरून पडतील अशी धास्तीही होती, खोटं कशाला बोलू?

सोसायटीची सेक्रेटरी झाले तशी मी तो पट्टा साफ करून घेतला. पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, पिवळी-निळी व्यायामाची यंत्रं. पानं पडतात म्हणून भेंडीचं झाडही तोडलं. नारळ मंजुळाताईंच्याच हातून फोडवला आणि आपल्या ज्येष्ठ भगिनींसाठी वगैरे भाषण ठोकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनीही.

पण त्या जेमतेम फेरी मारून बाकावर टेकायला लागल्या. गुडघे दुखतात का विचारलं, तर म्हणाल्या, "बाई, तवा आमी भाजी बघत फिरायचो, चाललो ते समजायचं नाय. आता नुसतं चालायचंच हाय."

नाचता येईना, म्हणे अंगण वाकडं, असं मी चारचौघींत हसून म्हटलं. त्याही हसल्या. अंगण खरंच वाकडं होतं हो, आणि ते मीच केलं होतं! पुढे त्या यायच्याच थांबल्या. दिवसभर टीव्हीसमोर बसून पाय सुजले, बोलणं आटलं. हाक मारली की "येते उद्या" म्हणत.

तेराव्याला त्यांच्या मुलाने सगळ्यांदेखत माझे आभार मानले. "मावशी, आईसाठी तुम्ही केवढं केलंत. मी कामावरून आलो की सांगायची, बाईंच्या ट्रॅकवर आज पण फिरून आले." माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्या ट्रॅकवरच उघडते. कित्येक महिन्यांत त्या तिथे फिरकल्या नव्हत्या, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे घरातसुद्धा त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं. आणि मी काय केलं? मान खाली घालून हात जोडले, ते कौतुक निमूट घेतलं.

त्यांचा शेवटचा डबा अजून माझ्याकडे आहे. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपली रीत. काहीतरी करून घालू, असं म्हणता म्हणता तो राहूनच गेला. मग टाकळाच संपला आणि त्यांच्याकडून दुसरा डबा आलाच नाही. परवा रव्याचे लाडू भरून त्यांच्या दारापर्यंत गेले. मुलाला आधी खरं सांगायचं, मग डबा द्यायचा, असं मनाशी घोकत होते... बेल न वाजवताच परत आले आणि लाडू काढून ठेवले.

आज सकाळी तोच मुलगा लिफ्टपाशी भेटला. कमिटीतल्या इतरांशी बोललोय, ट्रॅकला आईचं नाव द्यायचं ठरतंय, पाटीचं उद्घाटन तुमच्याच हातून करायचं, म्हणाला. सांगायला तोंड उघडलं होतं मी. त्याचे डोळे भरून आलेले बघितले आणि बरं म्हणाले.

डबा ओट्यावर आहे. घासूनपुसून ठेवलेला, रिकामा.