मी नंदाचा पेशंट नव्हतो

"काका, मॅडम नाही राहिल्या... हार्ट अटॅक." धारहून मेघनाचा फोन होता. मी विचारलं, "कोण मॅडम?" माझीच बहीण नंदा, छप्पन वर्षांची धडधाकट बाई, दुपारपर्यंत पेशंट बघत होती. महिना झाला, मी अजून सुन्नच आहे.

नंदा धारला मानसोपचार करायची. औषधं डॉक्टर देत, ही ऐकून घ्यायची. बहुतेक डिप्रेशनची माणसं. मेघना तिच्या हाताखाली शिकलेली. मी देवासला एकटा, रिटायर मास्तर. माझी बायको गेल्यापासून सहा वर्षं रोज संध्याकाळी सातला नंदाचा फोन. "बोल भाऊ." बस, एवढंच. मग मी सुरू: शेजारच्या भियाचं, म्हणजे भय्याचं, कुणाशी वाजलं, पीपलरावां गावच्या माझ्या शाळेत बकरीने हजेरीपुस्तक कसं खाल्लं, काहीही. ती नुसती हं-हं करायची. मला वाटायचं, विधुर भावाला ही पेशंटसारखं तपासतेय. डोक्यात तिडीक जायची.

एकदा विचारलं, "दिवसभर पेशंटांचं ऐकून तुला काय होतं गं?" ती म्हणाली, "भाऊ, ती माणसं फारसं बोलतच नाहीत. तासाभराने माझेच हातपाय जड होतात. कधी त्यांचा रागही येतो. मग त्या रागाची लाज वाटते." मी म्हटलं, "मग सोड ना, क्या रखा है उसमें." ती हसली आणि मी पुन्हा माझंच पुराण लावलं.

शेवटच्या फोनवर मी चिडलो. "मी तुझा पेशंट नाही. रोज चौकशी नको." ती म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी सातला फोन आला नाही. मीही केला नाही. तिसऱ्या दिवशी मेघनाचा आला.

तेराव्याला मेघना सहज बोलून गेली, "अवघड पेशंट बघून झाला की मॅडम सातची वाट बघायच्या. म्हणायच्या, भाऊची बकबक ऐकली की मी माणसांत येते." म्हणजे चौकशी माझी नव्हतीच. आधार तिला हवा होता, आणि तोच मी काढून घेतला. हे मला आयुष्यभर सलणार.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी सातला मेघनाचा फोन आला. नंदाचे पेशंट आता तीच बघते. काय काम ते सांगेना, नुसता श्वास ऐकू येत होता. मी खुर्ची ओढून बसलो आणि अमझेऱ्याच्या देवळात माकडाने माझी चप्पल पळवली होती, ती हकिकत सांगायला लागलो. संपेपर्यंत थांबलो नाही.