मेश्राम बाईंचं एक वर्ष

शाळेतले किस्से कोणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. फळा रोज पुसला तरी खालच्या पट्टीवर खडूची पूड जमतेच, तसंच हे. मी गणिताचा मास्तर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. अजूनही जुने दोन-चार सहकारी भेटले की चहा यायच्या आधीच कोणीतरी म्हणतं, "मेश्राम बाईंचा खडू आठवते का गा?" मग आलेला चहा हमखास गार होतो.

आमची मिडल स्कूल सावनेर रोडवर होती. समोर बसथांबा, दिवसभर कोळशाचे ट्रक. कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या तेव्हा नव्या नव्या धूर सोडायला लागल्या होत्या, आणि सरकारच्या डोक्यात 'कार्यानुभव' नावाचा विषय नवा नवा शिरला होता. मुलांनी हातानं काहीतरी बनवायचं आणि समाजाची सेवा करायची, असा त्याचा अर्थ. त्यासाठी आम्हाला एक जागा मिळाली, तीही टेम्पररी. त्या जागेवर कुसुम मेश्राम बाई आल्या. घरच्यांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेली, घरात शिकलेली पहिली मुलगी, आणि म्हातारे आईवडील व कॉलेजातला भाऊ यांचं सगळं त्यांच्याच पगारावर.

मुख्याध्यापक होते पांढरीपांडे सर. धोतर, काळा कोट, काळी टोपी, आणि हसू आलं तर ते टोपीखाली ठेवायची सवय. पहिल्याच दिवशी त्यांनी बाईंना सांगितलं, "एक वर्ष पाहू. तुमच्याबद्दल वर काय कळवायचं ते मी एप्रिलमध्ये ठरवीन. पोरं नुसती खेळून राहिली असं दिसलं, तर हा तास गणिताला देऊन टाकीन."

गणित म्हणजे मी. त्यामुळे या सगळ्या प्रकरणात मी वर्षभर तटस्थ होतो.

सरांची एक वस्तू इथंच सांगून ठेवतो, कारण पुढे लागेल. त्यांचा फिरकीच्या झाकणाचा तांब्या. घरच्या विहिरीचं पाणी त्यात भरून ते रोज आणायचे आणि ओल्या फडक्यात गुंडाळून टेबलावर ठेवायचे. शाळेतलं पाणी त्यांनी कधी तोंडाला लावलं नाही. कोणी म्हणे पोट नाजूक आहे, कोणी म्हणे सोवळं आहे. आम्ही तर्क पुष्कळ केले, पण त्यांना विचारलं कोणीच नाही.

०

बाईंचा पहिला प्रयोग खडूचा. सातवी 'ब'नं प्लास्टर ऑफ पॅरिस कालवलं, साच्यात ओतलं, उन्हात वाळवलं. दिसायला खडू फार देखणे झाले. सर खूश झाले आणि त्यांनी हुकूम काढला की उद्यापासून सगळ्या शाळेत हेच खडू वापरायचे.

दुसऱ्या दिवशी मी आठवीच्या वर्गात एक अपूर्णांकाचं गणित फळ्यावर घातलं. खडू लिहीत नव्हता, कोरत होता. तास संपला, फडकं फिरवलं, गणित तसंच. ओलं फडकं फिरवलं, उलट जास्त ठळक झालं. शिपाई शंकररावांनी खडू हातात घेऊन दातानं चावून पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, याले ठोकाले हातोडी मागवा."

सरांनी बाईंना बोलावलं. "यातून मुलं काय शिकली?"

"पाणी जास्त घालायला पाहिजे होतं, हे शिकली," बाई म्हणाल्या.

"एप्रिलमध्ये पाहू," सर म्हणाले.

ते गणित त्या फळ्यावर अनेक वर्षं होतं. पुढच्या वर्षी जूनमधली नवी बॅच वर्गात बसली, तेव्हा मी तोंड उघडायच्या आधीच सगळ्यांनी ते उतरवून घेतलं होतं.

०

मग बाईंनी समाजसेवा काढली. शाळेमागच्या वस्तीतली नाली साफ करायची. दर सोमवारी शेवटचे दोन तास मुलं खराटे-फावडी घेऊन निघाली. पहिल्या सोमवारी वस्तीतले लोक बघायला आले. दुसऱ्या सोमवारी त्यांनी खुर्च्या काढल्या. तिसऱ्या सोमवारी एक काकू बसल्या जागेवरून सूचना करायला लागल्या, "त्या कोपऱ्यातलं राह्यलं नं रे पोट्ट्या, बरोबर काढ."

चौथ्या सोमवारी घटक चाचणी होती, म्हणून मुलं गेली नाहीत. मंगळवारी काकू थेट मुख्याध्यापकांच्या ऑफिसात.

"काहून जी, काल तुमचे पोट्टे आलेच नाही? नाली तुंबली ना आमची. असं खाडे करून कसं जमन?"

सरांनी त्यांची रीतसर माफी मागितली. काकू गेल्यावर बाईंना म्हणाले, "बाई, तुम्ही मुलांना कामाला लावलं की वस्तीला आरामाला?"

पुढच्या सोमवारी बाईंनी मुलांना नालीला हात लावू दिला नाही. वर्गात बांधलेला एकेक खराटा प्रत्येक घरी नेऊन द्यायला सांगितला. गजानन नावाचा आमचा एक पोरगा होता, तो खराटा घेऊन काकूंसमोर उभा राहिला. "काकू, हा तुमचा. आम्ही बसतो, तुम्ही सांगा कुठून सुरू करता ते."

काकूंनी खराटा घेतला आणि आत जाऊन दार लावलं. पण त्यांच्या घरासमोरची नाली त्यानंतर तुंबलेली मी पाहिली नाही.

०

एक किस्सा बोटाचा. सातवीच्या पोरींना प्रथमोपचार शिकवून झाले होते आणि त्या जखमी माणसाच्या शोधात होत्या. नेमकं त्याच दिवशी सरांचं बोट कपाटाच्या दारात सापडलं. चिमटलं होतं, एवढंच. सुनंदा आणि तिच्या मैत्रिणी पेटी घेऊन धावल्या. त्यांनी बोटाला पट्टी बांधली. ती सैल वाटली म्हणून पंजाला बांधली. मग पुस्तकातल्या चित्रासारखं दिसावं म्हणून कोपरापर्यंत नेली आणि हात गळ्यात अडकवून दिला.

दुपारी सरांना मुख्याध्यापकांच्या सभेला जायचं होतं. शंकरराव म्हणाले, "सोडून देऊ का जी?"

"राहू दे," सर म्हणाले. "पोरींनी मेहनत केली आहे."

सभेहून परत आले ते खुशीत होते. गावभरचे मुख्याध्यापक तिथं उभे, पण सरांना बसायला पंख्याखालची खुर्ची मिळाली होती. त्या दिवशी मला वाटलं, बाईंचं काम झालं. पण दुसऱ्या दिवशी पट्टी गेली, आणि सर पुन्हा एप्रिलवर आले.

०

जानेवारीत प्रदर्शन झालं. सातवी 'ब'नं पुठ्ठ्याचं वीज केंद्र केलं होतं. गजाननचे वडील कोराडीला नोकरीला, ते तिथल्या कॉलनीत राहायचे. त्यामुळे चिमण्या किती उंच, कोळसा कुठून येतो, राख कुठे जाते, सगळं पोरानं घरून विचारून आणलं होतं. चिमणीत गोवरीचा निखारा आणि धूर निघावा म्हणून वर राळ टाकायची सोय होती. पाहुणे म्हणून शिक्षण खात्याचे एक साहेब आले. त्यांच्यासाठी म्हणून पोरांनी राळ जरा सढळ हातानं टाकली.

पाहता पाहता हॉल धुरानं भरला. साहेब दिसेनासे झाले. त्यांच्या खोकल्याच्या रोखानं शंकररावांनी त्यांना शोधून खिडकीशी आणलं. सरांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण कसा असेल ते कळत होतं. बाई चिमणीवर ओलं पोतं धरून उभ्या होत्या.

डोळे पुसत साहेब म्हणाले, "धूर ठीक आहे रे. पण दिवा कुठंय? वीज केंद्र आहे ना हे?"

गजानन म्हणाला, "लाइट नागपूरले जाते जी. आमच्याइकडे धूरच राह्यते."

साहेबांनी शेऱ्याची वही मागितली. तीत 'प्रदर्शन वास्तवदर्शी' असा शेरा मारून गेले. सरांनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"एप्रिलमध्ये पाहू."

०

मार्चपासून आमची शाळा सकाळची व्हायची. अकराला सुटेपर्यंत रस्ता तापलेला असायचा. थांब्यावर माणसं बसची वाट पाहत उभी, आणि प्यायला पाणी नाही. बाईंनी तिथल्या कडुनिंबाखाली पाणपोई काढली. कुंभाराकडून रांजण आणला, पोरींनी त्यावर मासे रंगवले, पोरांनी वर सावलीला बांबूच्या तट्ट्या बांधल्या. पाळीपाळीनं दोघं-दोघं बसायची. लांब दांड्याच्या ओगराळ्यानं पाणी काढायचं आणि समोरच्याच्या ओंजळीत सोडायचं. शाळा सुटल्यावरही दुपारपर्यंत बाई तिथं असायच्या. त्याचा कोणी वेगळा पगार देत नव्हतं.

एकदा मोकळ्या तासाला मी तिथं उभा असताना पांढरा फेटा बांधलेले एक म्हातारबुवा आले. ओंजळ पुढे केली, मग मागे घेतली.

"कोनाच्या हातचं पानी आहे गा हे?"

"मी भरलं जी, सकाळीच," गजानन म्हणाला.

"तसं नाही. तुम्ही कोन लोकं?"

गजाननला प्रश्न सोपा वाटला. "सातवी ब," तो म्हणाला.

म्हातारबुवांनी त्याच्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. बाई खालमानेनं रांजणावर पडलेली चिमण्यांची राख पुसत होत्या. तेवढ्यात सावनेरची बस आली, कंडक्टरनं घंटा मारली, आणि म्हातारबुवा घटाघटा पाणी पिऊन पळाले.

सरांच्या ऑफिसची खिडकी थांब्याकडेच उघडायची. थोड्या वेळानं त्यांनी मला बोलावलं. "तो पोरगा काय म्हणाला?"

मी सांगितलं. मला वाटलं, आता एप्रिल येईल. आला नाही. सरांनी तांब्याची फिरकी उघडली, मग न पिताच बंद केली, आणि म्हणाले, "जा तुम्ही, वर्ग आहे ना तुमचा."

०

निकालाचा दिवस. एप्रिल संपत आला होता आणि सर बाईंबद्दल काही बोलले नव्हते. शंकररावांना शाळेतलं सगळं माहीत असायचं, पण त्यांनाही पत्ता नव्हता. बाईंनी कपाट आवरून किल्ल्या शंकररावांकडे दिल्या होत्या. टेम्पररी माणसाला ते करावंच लागतं. पोरांना हे कळलं होतं, म्हणून निकाल लागूनही सातवी 'ब' घरी जात नव्हती. सगळी पाणपोईपाशी जमली होती.

त्या दिवशी पहाटेपासून नळाला पाणी नव्हतं. रांजणाच्या तळाशी चार बोटं उरलं होतं. पोरं बादल्या घेऊन दूरच्या बोरिंगवर गेली होती. एवढ्यात सावनेरहून आलेली बस थांब्यावर बंद पडली आणि माणसं उतरून सावलीला आली. त्यात एक म्हातारी होती, कडेवर नातू. पोरगं रडूनरडून सुकलं होतं. सुनंदानं ओगराळं आत घातलं, ते तळाला खणकन लागलं. वर आलं ते पाणी कमी आणि गाळ जास्त. ती बाईंकडे बघायला लागली.

मी व्हरांड्यात होतो. ऑफिसातून सर बाहेर आले. हातात तांब्या, फडकं अजून ओलं. भर उन्हातून फाटक ओलांडून ते कडुनिंबापाशी गेले. मला वाटलं, त्या म्हातारीला तांब्या देतील. दिला असता तरी कोणी नावं ठेवली नसती.

सरांनी फिरकी उघडली आणि तांब्या रांजणात रिकामा केला. हलवून हलवून, शेवटच्या थेंबापर्यंत.

सुनंदानं गाळ बसू दिला, मग वरचं पाणी काढून आधी नातवाला पाजलं, मग म्हातारीला. तिच्यामागे आणखी दोघं प्याले. त्यांच्यामागे सर उभे होते. त्यांची पाळी आली, तशी सुनंदा गोंधळली. ओगराळं तसंच धरून राहिली. बाई पुढे झाल्या आणि त्यांनी ते तिच्या हातातून घेतलं.

सरांनी टोपी काढून काखेत धरली, वाकले, आणि ओंजळ पुढे केली.

बाईंनी पाणी सोडलं. सर प्याले. पुन्हा ओंजळ धरली, बाईंनी पुन्हा सोडलं. बसचा ड्रायव्हर बॉनेट उघडून आत काहीतरी ठोकत होता, तेवढाच आवाज.

सरांनी तोंड पुसलं, टोपी घातली आणि रांजणाकडे पाहिलं.

"बाई, याला झाकण नाही. राख पडून राहिली आत. शाळा उघडली की पोरांकडून एक झाकण करून घ्या."

आणि रिकामा तांब्या घेऊन ऑफिसात निघून गेले.

मला फार बरं वाटलं. माझा तास गेला, हे लक्षात यायला जरा वेळ लागला. तेवढ्यात गजानन बादली घेऊन धापा टाकत पोचला. झालेलं त्याला पोरांनी एका दमात सांगितलं.

"म्हंजे शाळा उघडल्यावर तुम्ही येऊन राहिल्या का, बाई?"

बाई रांजणाच्या तोंडाकडे बघत होत्या. पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "सुतळी आण. झाकणाचं माप घे."