आईच्या कानातलं ॲप

गेल्या वर्षी मी आईच्या दोन्ही कानांत श्रवणयंत्रं बसवली. बसवली म्हणजे काय, आधी ती मोबाईलला जोडली, मग तिच्या नावानं खातं उघडलं, नियम आणि अटींच्या पानांमागून पानांना न वाचता ‘मान्य’ म्हटलं, तिचं लोकेशन, तिचे फोटो आणि तिच्या फोनमधले सगळे नंबर कंपनीला दाखवले, आणि मग कुठं तिला बाहेर कुत्रं भुंकतंय ते ऐकू आलं. कुत्र्याचं भुंकणं ऐकायला भाच्यांचे फोन नंबर कशाला लागतात हे मी त्या वेळी विचारलं नाही. नवीन यंत्र हातात आलं की माझी अक्कल अशीही थोडा वेळ बाहेर फिरायला जाते.

मी यंत्रवेडा माणूस. एका पतसंस्थेत संगणक सांभाळतो, पण शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात माझी खरी नोकरी म्हणजे लोकांचे फोन बघणं. कुणाचा फोन भरला, कुणाचा अडकला, कुणाच्या टीव्हीवर आपोआप कन्नड लागलं, की आमच्या दारात. त्यामुळं या कंपन्यांचे थोर उपकार मी जवळून बघितलेत. पर्यावरणाच्या प्रेमापोटी त्यांनी फोनच्या खोक्यातला चार्जर काढला, आणि तोच चार्जर वेगळ्या खोक्यात, वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून विकायला ठेवला. बॅटरी आपल्याला बदलता येऊ नये म्हणून फोन गोंदानं चिकटवला, आणि त्याला ‘सुबक बांधणी’ असं नाव दिलं. आमच्या शेजाऱ्यांनी हौसेनं मोठा स्मार्ट टीव्ही घेतला. आता तो चालू केला की आधी जाहिरात लागते. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाच्या टीव्हीवर, स्वतःच्या विजेवर ते बिचारे दुसऱ्याच्या साबणाची जाहिरात बघत हात जोडून बसतात. एवढं सगळं माहीत असून मी दर नव्या फोनच्या बातमीला पाघळतो, ही गोष्ट वेगळी.

तर आई. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. आईनं तीस-एक वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्यांवर सूत भरलं. टॉवेल विणणारे माग दिवसभर असे खटाखट चालायचे की तिथं बाजूला उभं राहून कुणी शंख फुंकला असता तरी कळलं नसतं. त्या आवाजानं तिचे कान हळूहळू खाल्ले. आधी ती ‘काय?’ म्हणायची. मग नुसती माझ्याकडं बघायची. मग मी काही बोललो तरी उत्तरच येईना. मी घरी येऊन दिवसभराचं काही सांगावं आणि ती तांदूळ निवडत तशीच बसून राहावी, असं होऊ लागलं. घरात बोलायला एकच माणूस, आणि तेही हातातून निसटत चाललंय, याची मला खरोखर भीती वाटायला लागली. आईनं माझ्याशी पुन्हा पहिल्यासारखं बोलावं, एवढंच मला हवं होतं.

कानाच्या दुकानातल्या माणसानं मला एक साधं यंत्र दाखवलं होतं. त्याला एक छोटं चाक. चाक फिरवलं की आवाज कमी-जास्त. सेल संपला की बदलायचा. ॲप नाही, ब्लूटूथ नाही, काही नाही. मी त्याच्याकडं असं बघितलं की जणू त्यानं मला बैलगाडी दाखवली. “ह्यात अपडेट येतात का?” मी विचारलं. तो म्हणाला, “नाही हो, ह्यात फक्त ऐकू येतं.” हे ऐकून तरी मी शहाणा व्हायला पाहिजे होतो. पण मी घेतलं ते मोबाईलवालं.

खातं उघडताना जन्मतारखेचा रकाना आला. आता आईच्या सगळ्या कागदांवर एक जून आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी घातलेली. आमच्याकडं त्या पिढीतली निम्मी माणसं एक जूनलाच जन्मलीत. त्या दिवशी दवाखान्यांत काय गर्दी उसळली असेल, विचार करा. कुठल्याही सरळ माणसानं एक जून लिहून पुढं जावं की नाही? पण मला अचूकतेचा किडा. आईला समोर बसून विचारलं तर ती म्हणाली, “नागपंचमीच्या आदल्या दिशी.” साल तिला सांगोल्याच्या तिच्या थोरल्या भावाकडून पक्कं माहीत होतं. मी पंचांगाचं ॲप उघडलं, ते साल काढलं, तिथी शोधली आणि आईच्या आयुष्यात पहिल्यांदा तिची खरी तारीख कुठंतरी लिहिली. केवढा मोठा पराक्रम. त्या रात्री मी स्वतःवर खूश होऊन झोपलो.

पहिला महिनाभर ते यंत्र छान चाललं. नंतर ॲपमध्ये एक गोड खिडकी उघडली. ‘गर्दीत नीट ऐकू येणे’ ही सोय आता दरमहा वर्गणी भरणाऱ्यांसाठी आहे, अभिनंदन. अभिनंदन कशाबद्दल ते लिहिलं नव्हतं. म्हणजे कान विकत घेतलेला, पण लग्नात-बाजारात ऐकायचं असेल तर भाडं. शांत खोलीत ऐकणं मात्र कंपनीनं मोठ्या मनानं फुकट ठेवलं होतं. मी चडफडलो आणि वर्गणी भरली. भरणारच. माझ्यासारख्यांच्या जिवावरच या कंपन्यांचे काचेचे मनोरे उभे राहतात.

मग अपडेट आलं. आमचे एवढे मोठे अनुभव असताना शहाण्यानं चार दिवस थांबावं, बाकीच्यांचं काय होतंय ते बघावं. पण तो लाल ठिपका दिसला की माझं बोट माझं ऐकत नाही. दाबलं. अपडेट झाल्यावर ॲपनं विचारलं, तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करा, ओळखपत्राचा फोटो टाका. टाकला. ओळखपत्रावर एक जून, खात्यावर नागपंचमीचा आदला दिवस. ‘माहिती जुळत नाही. आपल्याच सुरक्षेसाठी खातं थांबवण्यात येत आहे.’ आणि खातं थांबल्याबरोबर आईच्या कानातली यंत्रं, तिच्या कानांप्रमाणे जुळवलेलं सगळं विसरून, कारखान्यातून आली तशी कोरी झाली. आता तिला कुकरची शिट्टी, पंखा आणि रिक्षांचे हॉर्न कानठळ्या बसतील असे ऐकू येत, आणि माणसाचं बोलणं तेवढं येत नसे.

मी ग्राहक सेवेला फोन लावला. ‘आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,’ असं एक बाई मला पाऊण तास सांगत राहिली. पटवायला इतका वेळ लागतो म्हणजे बघा. शेवटी एक पोरगा आला. आवाज अदबशीर. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, सुरक्षेच्या नियमानुसार मला खातेदाराशीच बोलावं लागेल.”

मी म्हटलं, “अहो, त्यांना ऐकू येत नाही.”

“समजू शकतो सर. फक्त दोन प्रश्न विचारायचेत.”

“ऐकू येत नाही म्हणून तर तुमचं मशीन घेतलं.”

“समजू शकतो सर. पण खातेदाराशीच बोलावं लागेल.”

समजू शकतो हे त्याला पाठ करून दिलेलं असणार. समजायची सोय वर्गणीत असावी. मी फोन आईच्या हातात दिला, आणि प्रश्न मलाही ऐकू यावेत म्हणून स्पीकर लावला. आईनं आपला फोन कानाला लावला आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, “हालो, कोन? सांगोल्यातनं बोलतोयास का रं? डाळिंबं उतरली का?”

“मॅडम, आपली जन्मतारीख सांगाल का?”

मी घाईघाईनं वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर खात्यातली तारीख लिहून तिच्यापुढं धरली. आईनं ती चष्म्यातून नीट वाचून दाखवली. मी सुटलो म्हणून श्वास सोडला तोवर ती पुढं म्हणाली, “पन ही खरी हाय. कागदावर एक जून हाय की. मास्तरांनी घातलेली.”

तिकडं कीबोर्डावर बोटं वाजली. मग तो म्हणाला, “मॅडम, आपण दोन वेगवेगळ्या तारखा सांगितल्यात. पडताळणी होऊ शकली नाही. आणखी काही मदत करू शकतो का?” फोन ठेवून पाच मिनिटं झाली नसतील, तर मेसेज आला: आजच्या अनुभवाला किती तारे द्याल?

पुढं तीन आठवडे मी मेल पाठवत होतो. दर वेळी वेगळ्या नावाचा माणूस अगदी तेच उत्तर द्यायचा. हा माणूस नव्हे, यंत्र आहे हे न कळायला मी काही दूधखुळा नाही, पण रागावायला समोर कुणीतरी लागतं ना. आईनं पहिल्या आठवड्यातच यंत्रं काढून बिस्किटाच्या डब्यात ठेवली. “डोस्क्यात पुन्यांदा कारखाना सुरू झाल्यागत वाटतंय,” एवढंच म्हणाली. आणि घर पुन्हा गप्प झालं. मी आत्तापर्यंत कंपनीला शिव्या देत होतो, पण खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. मीच घेतलं होतं, मीच खरी तारीख घातली होती, मीच अपडेट दाबलं होतं.

एका रविवारी सकाळी आईची कारखान्यातली जुनी मैत्रीण आली. तेलुगू घरातली, बोलताना अर्धं मराठी अर्धं तेलुगू. मी तिला दारातच सांगितलं की मावशी, आईला आता काही ऐकू येत नाही, जरा मोठ्यानं बोला. ती माझ्याकडं बघून नुसती हसली आणि आत गेली. मी बाहेरच्या खोलीत फोनवर कंपनीचा नवा मेल वाचत बसलो. थोड्या वेळानं लक्षात आलं, आतून बोलण्याचा आवाज येत नाही, पण हसण्याचा येतोय. डोकावून बघितलं. मावशी पलंगावर, आई खाली, समोरासमोर. दोघींची तोंडं भराभरा चालली होती, आणि आवाज अजिबात नव्हता. मावशीनं पोटावर हात फिरवून गाल फुगवले, आणि दोघी लोटपोट.

“मालक,” मावशी मला म्हणाली. “तसं केलं की मालक आला.”

मग तिनं सांगितलं की मागाच्या खटखटीत कुणाचंच कुणाला ऐकू यायचं नाही, म्हणून कारखान्यातल्या सगळ्या बायका ओठांवरून बोलायच्या. सुनेच्या कागाळ्या, भावाची भांडणं, कुणाचं कुणाशी चाललंय, सगळं आठ-आठ तास ओठांवरून. आवाज काढून बोलायची गरजच नव्हती. “तुझ्या आईला लांबनं बी समजते,” ती म्हणाली. “त्या टोकाला मुकादम काय बोलतो, हिला इकडं कळायचं.” हे ऐकून मी चाट पडलो. इतकी वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं.

मावशी गेली. मी पुन्हा बाहेर येऊन बसलो आणि कंपनीला एक तारा देऊन त्याखाली लांबलचक, झणझणीत असं लिहायला घेतलं. लिहिता लिहिता आईला म्हटलं, “उद्या ते चाकाचं साधं मशीन आणतो.” उत्तर नाही. मी आवाज चढवला. उत्तर नाही. मग ओरडलोच, इतकं की समोरच्यांच्या खिडकीत कुणीतरी आलं.

आई येऊन माझ्यापुढं उभी राहिली. तिनं माझ्या हनुवटीला धरलं आणि माझं तोंड वर केलं.

“तिचं कळतंय मला,” ती म्हणाली. “दूधवाल्याचं कळतंय, समोरच्या पोरींचं कळतंय. तुजंच कळत न्हाय. तू त्या फोनात तोंड घालून बोलतोस, मला ओठच दिसत न्हाईत. दोनदा सांगून बगितलं तुला, तुजं ध्यान नव्हतं. मग म्हटलं घेऊ दे पोराला मशीन, तेवढं तरी आयकू यील त्याचं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं हनुवटी सोडली नव्हती.

“बोल की आता. काय म्हनत हुतास?”

 तोंडाला आलं ते मी विचारलं, “जेवलीस का?”

“व्हय, मगाशीच,” ती म्हणाली. “तुला दोन हाका मारल्या की.”