सोलकढीतलं पाणी

“हा हिपॅटायटिस ई आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “दूषित पाण्यातून किंवा अन्नातून होणारी कावीळ. बऱ्याच जणांना होते आणि आपोआप बरी होते. पण गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ती फार जड जाऊ शकते. तुम्हाला आत्ताच ॲडमिट व्हावं लागेल.”

मला आठवा लागला होता. घाबरायच्या आधी मला राग आला. दूषित पाणी, आणि माझ्या पोटात? रिपोर्ट नक्की दुसऱ्या कुणाचा तरी आहे असं वाटून मी त्यावरचं नाव पुन्हा वाचलं. माझंच होतं.

राग यायला कारण होतं. दिवस राहिल्यापासून मी घरादाराला पाण्यावरून छळलं होतं. महेश, माझा नवरा, मला ‘फूड इन्स्पेक्टर’ म्हणायचा. पाणीपुरी बंद, कापलेली फळं बंद, उसाचा रस बंद. पालक मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, कोथिंबीर तीनदा धुवायची. ऑफिसात उकळलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या न्यायचे. मैत्रीण म्हणायची, “अगं, एक शेवपुरी खाल्लीस तर काय वाट लागणार आहे तुझी?” मी हसायचे, पण खायचे नाही. डोहाळजेवणातसुद्धा केटररच्या ताटाला हात लावला नाही, सासूबाईंनी घरी केलेलं तेवढंच जेवले.

सासूबाईंना मी आईच म्हणते. त्या मालवणकडच्या. लग्न करून कांजूरमार्गला आल्या, त्याला पस्तीसेक वर्षं झाली असतील, पण अजून रागावल्या किंवा लाडात आल्या की मालवणीच बोलतात.

सुरुवात अगदी साधी होती. जेवणावरची वासना उडाली, मळमळायला लागलं, अंग मोडून आल्यासारखं वाटायला लागलं. उन्हाळा आहे, दिवस भरत आलेत, म्हणून सोडून दिलं. मग लघवी गडद चहासारखी झाली. पाणी कमी पीत असेन असं वाटलं. डोळे पिवळे दिसताहेत, हे महेशने पाहिलं. तुमच्यापैकी कुणी गरोदर असेल तर एवढं लक्षात ठेवा, लघवीचा रंग असा बदलला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

वॉर्डात रोज रक्त घ्यायचे. बिलिरुबिन म्हणजे कावीळ किती चढली ते सांगणारा आकडा. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप. लिव्हर थकलं की रक्त लवकर गोठत नाही आणि बाळंतपणात तेच धोक्याचं असतं. पोटाला पट्टे बांधून बाळाचे ठोके कागदावर काढायचे, ती एनएसटी. त्या मशीनचा टपटप आवाज ऐकण्यासाठी मी दिवसभर थांबायचे. बाहेर बाकावर महेश आणि आई बसलेले असायचे. आई घरून थर्मासमध्ये उकळलेलं पाणी आणायच्या, हॉस्पिटलच्या पाण्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

एकदा राउंडला डॉक्टरांनी विचारलं, “गेल्या महिना-दीड महिन्यात न उकळलेलं पाणी कशातून पोटात गेलं असेल? आठवून सांगा. बर्फ, सरबत, चटणी, काहीही.”

मी “नाही” म्हणायला तोंड उघडलं आणि मला सोलकढी आठवली.

मला छातीत जळजळायचं म्हणून आई रोज करायच्या. नारळ खवून, मिक्सरमधून काढून, पिळून, त्यात कोकमाचं आगळ, म्हणजे खारवलेला रस, आणि लसूण. “पी गो, पोटाक थंड,” म्हणून पेला हातात द्यायच्या. दिवसभरात मला खरं आवडायचं ते तेवढंच. पण नारळाचं दूध काढायला पाणी लागतं आणि ते आई थेट नळाचं घ्यायच्या. सोलकढी चुलीवर चढवत नाहीत, चढवली तर फुटते. पिण्याचं पाणी आम्ही उकळत होतो. खोबऱ्यात घातलेलं पाणी हेही पाणीच आहे, असं आमच्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, फूड इन्स्पेक्टरच्यासुद्धा नाही. त्या दिवसांत आमच्या गल्लीत रस्ता खोदला होता आणि सकाळी नळाला पहिलं पाणी गढूळ यायचं.

आई पलंगाच्या पायथ्याशी थर्मास धरून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं आणि डॉक्टरांना सांगितलं, “नाही, काही नाही.”

दुसऱ्या दिवशी आई नसताना मी डॉक्टरांना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, “असू शकतं. नक्की कशातून, हे कधीच सांगता येणार नाही. उपचार तेच राहतील. त्याचा विचार करू नका.” पण घरच्यांना उकळलेलंच पाणी सगळीकडे वापरायला सांगा, असंही म्हणाल्या. मी महेशला ‘डॉक्टरांनी सगळ्यांनाच सांगितलंय’ म्हणून निरोप दिला.

त्यानंतर एका सकाळी नर्सने पट्टे बांधले आणि मशीन गप्प राहिलं. तिने जागा बदलून पाहिली. मग सोनोग्राफीला नेलं. डॉक्टर पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, मग माझा हात धरून म्हणाल्या, “ठोके मिळत नाहीयेत.”

कळा आणून बाळंतपण करावं लागलं. रक्त थांबेना, मला आयसीयूत नेलं. शुद्धीवर आले तेव्हा सगळं उरकलं होतं. मुलगी होती, एवढंच महेशने सांगितलं. मी तिला पाहिलं नाही. कावीळ हळूहळू उतरली. डॉक्टरांनी, नर्सनी, अनोळखी रक्तदात्यांनी मला वाचवलं आणि त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण घरी आल्यावर कितीतरी दिवस मला कशासाठी वाचवलं हेच कळत नव्हतं. आईंनी सोलकढी करणं बंद केलं. मला त्या दिवसांची आठवण होऊ नये म्हणून करत नसतील असं मी धरून चालले, आणि विषय काढला नाही.

वर्षभराने शेजारच्या तावडेकाकूंच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. मी जाणार नव्हते. आई म्हणाल्या, “चल, मी आसंय.” तिथे स्वयंपाकघरात बायका सोलकढीचा घाट घालत होत्या. कुणीतरी मिक्सरच्या भांड्यात नळाखालून पाणी घेतलं. आईंनी ते भांडं तिच्या हातातून काढून घेतलं आणि मोरीत ओतलं.

“उकळून थंड केलेला घ्या,” त्या म्हणाल्या. “मी तेव्हा नळाचा घेतलंय. माका म्हायत नव्हता.”

आईंनी गॅसवर पातेलं चढवलं आणि पाणी उकळेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

घरी आल्यावर मी विचारलं, “तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“दवाखान्यात. डॉक्टरान इचारला, तू माझ्याकडे बघलंस आणि नाय म्हटलंस. तेव्हाच कळला.”

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, त्याही रडल्या. एवढ्या दिवसांत आम्ही दोघी समोरासमोर बसून कधी रडलो नव्हतो. मग मी विचारलं, कशी होती ती. आईंनी तिला हातात घेतलं होतं, अंघोळ घातली होती, दुपट्यात गुंडाळलं होतं. केस दाट होते, त्या म्हणाल्या, कानावर आलेले. हनुवटी माझी होती.