गुळवेलीला आवतण

ठकुबाईंच्या तोंडाचा पट्टा उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत चालायचा. गाईशी बोलत, चुलीशी बोलत, भाकरी करपली तर भाकरीलाच झापत. वर्षातून एकच सकाळ त्या गप्प असत, आणि त्या सकाळी त्यांची सून रतनबाई माहेरी आल्यासारखी घरात गुणगुणत फिरायची.

ती सकाळ भाद्रपदातली. पिंपरी गावाबाहेर, मुंबई रस्त्याच्या अंगाला एक थोराड कडुलिंब होता. त्याच्यावर मनगटाएवढी जाड गुळवेल चढलेली, ठकुबाईंनी नव्या नवरीच्या वयात स्वतःच्या हातानं लावलेली. औषधाची वेल न विचारता तोडायची नाही, ही त्यांची रीत. आदल्या संध्याकाळी बुंध्याशी हळदकुंकू, सुपारी, अक्षता ठेवून आवतण द्यायचं, "बाय, उद्या तुला न्यायला येते." आणि सकाळी वेल हातात येईपर्यंत कुणाशी चकार शब्द नाही. बोललं की गुण गेला.

मग वेल ठेचून, सुंठ-तुळस घालून काढा व्हायचा आणि वीसेक घरांत पोचायचा. "ताप आला तर डाक्टर हाय, सुई हाय," ठकुबाई प्रत्येक उंबऱ्यावर बजावत. "ह्यो काढा त्याच्या आधीचा. दारात राखणदार बसवल्यागत. चोर यायचाच न्हाई असं न्हाई, पर आला तर झटापट तरी हुईल!"

त्रेपन्न सालच्या भाद्रपदात त्यांची नात सोनी दोनदा तापानं झोपून उठली होती. डॉक्टरांनी ताप घालवला, पण पोरीच्या अंगात त्राण नव्हतं. त्यामुळे त्या वर्षी ठकुबाईंचा सगळा जीव त्या वेलीत अडकला होता.

सकाळी विळा घेऊन त्या लिंबापाशी आल्या, तर बारा मजूर कुऱ्हाडी बाजूला टाकून लांब बसलेले. शेजारी औषधांचा नवा कारखाना उभा राहत होता आणि त्याची कुंपणभिंत नेमकी ह्या झाडावरून जाणार होती. पण बुंध्याशी ताजं कुंकू बघून कुणाचा हात उचलेना.

कराडकडचा मुकादम हिंदुराव हात जोडून पुढं झाला. "मावशे, ही जागा कुणाची? आसरांची का म्हसोबाची?"

ठकुबाईंनी ओठ घट्ट मिटले. वेलीकडं बोट केलं, तोंडाकडं केलं आणि जोरजोरात मान हलवली.

"वाचा बसली बाईची!" मुरारी नावाचा गडी ओरडला. "आरं, घुमायला लागली! आंगात आलंय!"

ठकुबाईंनी 'नाही, नाही' म्हणून आणखी जोरात मान हलवली. गडी आणखी दोन पावलं मागं सरले. मुरारीनं तर आपल्या फडक्यातली भाकरी-चटणी सोडून निवद म्हणून पुढं ठेवली.

तेवढ्यात सायकलवरून ओव्हरसियर लक्ष्मणराव आले. "काय हिंदुराव, आज सुट्टी जाहीर केलीत?"

"साहेब, ह्या झाडाला आमी हात लावणार न्हाई. देवस्थान हाय."

"नकाशात तर देवस्थान नाही."

"नकाशा तुमच्या हातात हाय, साहेब. देव हितं हाय."

लक्ष्मणरावांनी कपाळाचा घाम पुसला. "आजीबाई, तुम्ही गावच्या. देवस्थान असेल तर मी वर लिहितो, भिंत चार हात वळवतील. आहे का?"

नुसतं 'हो' म्हणून मान डोलवायची होती. गप्प राहायची रीतही मोडली नसती आणि झाडही वाचलं असतं. ठकुबाईंची हनुवटी खाली आली सुद्धा. पण समोर मुरारी भाकरी ठेवून डोळे मिटून उभा होता, उपाशीपोटी, भेदरलेला. आणि देवाची म्हटल्यावर ती वेल उद्या कोण तोडणार? पोराबाळांच्या तोंडी कशी लागणार?

"देव न्हाई रं बाबांनो!" बांध फुटला. "मी ठेवलंय कुंकू! औषधाला आवतण हाय ते. आणि तू आधी ती भाकर उचल, मुंग्या लागतील!"

"मग मघाशीच बोलायचं न्हाई का?" हिंदुराव चिडला.

"बोलायचं नव्हतं म्हणून तर बोलले न्हाई, येड्या!"

सगळी हकिगत ऐकून लक्ष्मणराव खो खो हसले. मग जरा ओशाळून म्हणाले, "म्हणजे औषधाच्या कारखान्यासाठी औषधच तोडायचं! पण आजीबाई, आता झाड काही वाचत नाही."

ठकुबाईंनी खोडावरून एकदा हात फिरवला. "मला ठावं हाय. दुपारपतुर येळ द्या. गुळवेल लई चिवट. तुकडा खोवला तरी पालवती."

मग बारा गडी झाडावर. वेल सोडवून खाली आली. ठकुबाईंनी आपल्यापुरती पाटी भरली आणि उरलेल्या वेलीचे हातभर तुकडे करून प्रत्येकाला दिले. "जिथं लिंब दिसंल, तिथं बुडाशी लावायचा."

"पर मावशे," मुरारी तोंडात घास घेऊन म्हणाला, "तुमी बोललात. गुण गेला का?"

ठकुबाईंनी पाटी डोक्यावर घेतली. "कुणाला ठावं, लेकरा. उकळून बघू. पोरगी जेवाया लागली तर गुण, न्हाईतर कडू पाणी."

सोनी दिवाळीपर्यंत जेवायला लागली. काढ्यानं, डॉक्टरांच्या औषधानं की रतनबाईच्या तूप-भातानं, ह्यावर घरात वाद झाले आणि ते सगळे अर्थात ठकुबाईंनी जिंकले. भिंत उभी राहिली. आणि ठकुबाईंच्या मागं नवीनच काम लागलं. मजुरांच्या झोपड्यांपासून थेट चाकणच्या वाटेपर्यंत, बारा लिंबांखाली बारा वेली; त्या तपासत हिंडायचं.

"हिंदुराव! आरं, वेल उलटी लावलीस की! शेंडा मातीत आणि बूड वर!"

"मावशे, दांडक्याला उलटं-सुलटं कसं वळखायचं?"

"दांडकं म्हणतोस तिला? सरक तिकडं," म्हणत ठकुबाईंनी पदर खोचला आणि माती उकरायला बसल्या.