चौघांची बाटली

गावदेवी मातामायवर माझी श्रद्धा आहे, पण कित्येक वर्षं मी तिच्याकडे काही मागायला तोंड उघडलेलं नाही. हे ऐकून एकोडीत लोक हसतात. माझ्या बोलण्याला ते हसतातच. माझ्या बांधीतला धान एवढा उंच झाला की त्यात सर्कशीतला हत्ती हरवला आणि कापणीलाच सापडला, हे मीच गावभर सांगितलेलं आहे. म्हणून आधीच सांगून ठेवतो, पुढच्या हकिकतीत माझी काडीचीही भर नाही. भर घालायची सोय असती तर मी ती गोड केली असती.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मोहफुलं पडायचे दिवस होते. आमची मंडळी गोठ्यामागे शेण काढत होती, आणि गावात लाळ गाळत फिरणारा एक कुत्रा मागून येऊन तिच्या पोटरीला चावला. कुत्रा वाघाएवढा होता असं मी लगेच चावडीवर सांगून आलो. खरं तर मांजराहून थोडा मोठा. दुपारी तो तोंडाला फेस येऊन रस्त्याकडेला मरून पडला, आणि माझा वाघ माझ्याच घशात अडकला. पिसाळलेल्या कुत्र्याचं चावणं म्हणजे काय, ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही.

त्या काळी यावर एकच उपाय होता, पोटात चौदा सुया, रोज एक. ती लस साकोलीच्या दवाखान्यात असली तर असे, नसली तर नसे. आमचं नशीब असं की ती होती, पण मिळत नव्हती. कंपाउंडरने कपाटातली बाटली मला लांबूनच दाखवली, सोनाराने दागिना दाखवावा तशी.

"चौघांची बाटली आहे जी. एकदा खोलली का त्याच दिवशी संपली पायजे. एकीसाठी खोलली तं बाकीची फेका लागते. मंग वरून मलेच विचारतेत, लस काहून सांडली म्हनून. आनखी तिघं आना, खोलतो."

"तिघं कुठून आनू? कुत्र्याले सांगू का, आनखी तिघाईले चाव म्हनून?"

"सांगून पाहा," तो म्हणाला. "तुमचं आयकते तं."

भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात चौकशी केली, तर तिथे लस संपलेली. मग मी चावलेली माणसं शोधत गावात फिरलो. मुलीसाठी स्थळ शोधताना फिरलो नसेन इतका. शेजारच्या गोपाळाच्या पायाला फडकं गुंडाळलेलं दिसलं. त्याच कुत्र्याने त्यालाही धरलं होतं, हे अर्ध्या गावाने पाहिलेलं.

"काटा रुतला जी," तो म्हणाला.

"काट्याले दात असतेत का रे?"

"तुमच्या बांधीत हत्ती हरवते, मंग आमच्या काट्याले दात काहून नसन?"

वैदूने त्याला जडी दिली होती आणि बजावलं होतं, सुई टोचली की जडी मरते. त्यापुढे माझं काय चालणार? जन्मभर मी लोकांना खोटं सांगून हसवलं, आणि खरं सांगायची वेळ आली तेव्हाही ते हसलेच.

दिवस मावळताना मी शिवेवरच्या कडुलिंबाखाली मातामायपुढे उभा राहिलो. नारळ नव्हता, डोकं मात्र तापलेलं होतं. लहान लेकराशी बोलावं तसं मी तिला फोड करून सांगितलं, "आई, बाटली चौघांची आहे. एक माझ्या घरात आहे. मले तीन चावलेली मानसं दे. कुठलीबी दे, पन उद्या दे." देवाकडे लोक मोघम मागतात. मी वाण्याकडे सामान मागावं तसं मागितलं.

सकाळी आम्ही साकोलीला निघालो. चावलेल्या माणसाने पाणी पाहू नये असं बायांनी सांगितलेलं, म्हणून वाटेतलं तळं, आमची बोडी, आलं तसा मी मंडळीचाच पदर तिच्या डोळ्यांवर धरला.

"अवो, सोडा जी पदर," ती करवादली. "कुत्र्याच्या आधी मी या धुऱ्यावरून पडून मरन."

दवाखान्यापुढे एक बैलबंडी सुटलेली होती. कडुलिंबाच्या सावलीत एक म्हातारा, त्याचा मुलगा आणि सून बसली होती. नागझिऱ्याच्या जंगलाकडेच्या टोलीवरची, म्हणजे वाडीवरची माणसं. म्हाताऱ्याच्या तोंडावर धोतराचं फडकं, ते रक्ताने माखलेलं. सुनेच्या हाताला चिंधी, मुलाच्या मांडीला चिंधी.

"आज पहाटेच मोह वेचाले गेलतो जी," मुलगा सांगू लागला. "कोल्हा आला, पिसाळलेला. बापाच्या तोंडालेच धरलं त्यानं. सोडवाले गेलो तं आमालेबी."

आज पहाटे. म्हणजे माझं मागून झाल्यावर. मी तिघांना मोजलं, पुन्हा मोजलं. तीनच होते.

म्हाताऱ्याने आमच्या मंडळीच्या पोटरीवरची पट्टी पाहिली आणि दोन्ही हात जोडले. "हा कंपाउंडर म्हने, तुमी तिघंच, चौथा आना. इथंच बसून मातामायचं नाव घेतलं म्या. अन् तू आली पोरी. देवीनंच धाडलं तुले."

ती रडली. मी बाटलीचं बूच निघताना पाहत उभा राहिलो.

पुढे रोज चौघं त्या कडुलिंबाखाली जमत. आपापल्या सुजलेल्या पोटांवरून एकमेकांची थट्टा करत. म्हातारा तिच्यासाठी पानाच्या दोन्यात भाजलेला मोह आणी. "खाय पोरी, सुईचं दुखनं जाते," म्हणे. माझ्याशीही तो प्रेमाने बोले, आणि मी त्याच्या गालावरची जखम सोडून सगळीकडे पाही.

शेवटच्या दोन सुया राहिल्या असताना मुलगा आणि सून दोघंच आली. म्हाताऱ्याने पाण्याचा गडवा पाहून किंकाळी फोडली होती आणि आदल्या दुपारी तो गेला होता. तोंडावरचा चावा, वेळ हाती राहतच नाही, असं डॉक्टर म्हणाले. गोपाळाला हे कळलं आणि दुसऱ्या दिवशी तो आपला काटा घेऊन दवाखान्यात धावत आला. पण मुलगा आणि सून दोघंच आली त्या दिवशी बाकावर तिघंच होती. कंपाउंडर आला, त्याने तिघांकडे पाहिलं आणि बाटली उघडली.

"चौथा नाही जी," मी म्हणालो.

"राहू द्या. घरात मानूस मेला, आता का बाटली पाहत बसू?"

म्हणजे तिघांसाठी ती उघडत होती. एकीसाठीही उघडली असती, कुणाला एवढीच कीव आली असती तर. आणि मी मात्र त्या कपाटाची किल्ली देवीजवळ मागायला गेलो होतो, वर माणसं किती ते मोजूनही दिलं होतं.

आमची मंडळी वाचली. आज ती सुनांना दमात घेते, नातवंडं खेळवते, आणि यासाठी मी मातामायचा ऋणी आहे, हे मान खाली घालून लिहितो. कोल्हा तिने धाडला की तो आपल्या पायांनी आला, यावर मी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं की तिला कसं करावं ते आपण सांगायचं नसतं. आता मी नारळ ठेवतो, हात जोडतो, "तुले ठाऊक" म्हणतो आणि परत फिरतो.

मोह पडू लागला की ही त्या टोलीवर जाऊन येते. आल्यावर ओट्यावर बाया जमतात आणि ती सांगते, देवीने चौघांची कशी गाठ घालून दिली. तिच्या गोष्टीत देवी फार दयाळू आहे. बाया माझ्याकडे वळतात, "तुमी सांगा ना जी, तुमी तं तिथंच होते."

मी म्हणतो, तिनं सांगितलं तेच.