साहेबांचा हा-हा

विलायतेतला किल्ला मी पाहिला तो दुसऱ्याला झालेल्या काविळीमुळे. जंगलखात्यानं चांदा जिल्ह्यातर्फे दोघांना काही महिने इंग्लंडला शिकायला पाठवायचं ठरवलं. एक आमचे साहेब आणि दुसरे मूळचे नागपूरचे एक हुशार गृहस्थ. गृहस्थ ऐन वेळी पिवळे पडले आणि बोटीची जागा वाया जाऊ नये म्हणून खात्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सावली नावाच्या कसब्याकडच्या एका धानाच्या गावातला, नुकताच रेंजर झालेला. कोट शिवायलाही वेळ नव्हता, तेव्हा त्या गृहस्थांचाच नेला. तो मला गुडघ्याखाली येत होता. तिकडे सगळेच लांब कोट घालतात असं साहेब म्हणाले, म्हणून मीही तसं समजलो.

साहेब मूळचे पुण्याकडचे. चांद्याची बदली त्यांना शिक्षा वाटे, आणि ती कोणत्या गुन्ह्याची हे ते रोज संध्याकाळी आठवून पाहत. माझ्यावर रागावले की ते मला पार जंगलातल्या एटापल्लीला पाठवायची धमकी देत, म्हणजे शिक्षेतही खालची पायरी असते. बोटीवर चढल्यापासून मात्र त्यांचा चेहरा उजळला होता.

एका रविवारी आम्ही एक जुना किल्ला पाहायला गेलो. चांद्याचा परकोट पाहत मोठा झालेल्या माणसाला किल्ला म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. म्हणून तोफा, बुरूज, दारूगोळा असलं काही मनात धरून मी गेलो. बुरूज होते, पण आत सगळीकडे चिनी मातीच्या बश्या होत्या. पूर्वी हा किल्ला घ्यायला सैन्य लागे, आता तिकीट पुरत होतं. माहिती सांगायला छत्रीवाली एक म्हातारी बाई होती. ती प्रत्येक पलंगापुढे थांबून त्यावर कोणता राजा झोपला ते सांगायची. इतके राजे त्या एकाच घरी येऊन झोपलेले पाहून मला घरच्या बाईमाणसांची दया आली.

जेवणाच्या दालनात भिंतीवर एका रानगव्याचं मुंडकं होतं. खाली पितळी पट्टीवर ‘चांदा’ असं कोरलेलं. आमच्याकडचा एकजण माझ्याआधी इथं पोचला होता तर. मी त्याच्यापुढे जरा वेळ उभा राहिलो. साहेबांनी मला पुढे ढकललं.

मग बाग. बाग म्हणजे मला वाटलं होतं, गुलाबाचे ताटवे असतील. पण समोर नुसतं हिरवंगार गवत, लांबवर झाडांचे पुंजके, मध्ये एक ऐसपैस तळं आणि पलीकडे चरणाऱ्या गाई. बाई अभिमानानं म्हणाल्या, यातलं काहीच आपसूक आलेलं नाही. टेकडी भर घालून केली आहे, ओढा अडवून तळं केलं आहे आणि झाडं इथल्या जुन्या मालकांनी, म्हणजे मोठ्या लॉर्डांनी, जिथं बोट दाखवलं तिथं लावली आहेत.

आमच्या भागात तळं दिसलं की माणूस आधी पाळ, म्हणजे तळ्याचा मातीचा बंधारा बघतो, मग पाट बघतो, मग खालच्या बांध्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेलं धानाचं शेत. मी पाळ पाहिली. ती चांगली होती. पाट कुठे दिसेना. मी विचारलं, “या तळ्याच्या पाण्यावर कोणाची शेती आहे?”

बाईंना प्रश्न कळला नाही. साहेबांनी चांगल्या इंग्रजीत तोच विचारला आणि वर माझ्या वतीनं माफी मागितली.

“कोणाचीच नाही,” बाई म्हणाल्या. “ते पाहण्यासाठी आहे.”

“मग इथं गाव नव्हतं?”

“होतं ना. या गवतावरच होतं. पण लॉर्डसाहेब न्याहारीला बसले की खिडकीतून चुलींचा धूर दिसायचा. म्हणून त्यांनी गाव टेकडीमागे हलवलं.”

“आणि त्या लोकांची शेती?”

 बाईंनी छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि त्या म्हणाल्या, दृश्य मात्र फार सुंदर झालं. साहेबांनी मान डोलावली. मला वाईट वाटलं. ज्या गावाचं नावही ठाऊक नाही त्याच्याबद्दल इतकं वाईट का वाटावं, ते मला कळलं नाही. तिथून दूर व्हावं म्हणून मी गाईंकडे चालू लागलो.

मागून बाई म्हणाल्या, “हा-हा.”

मला वाटलं, माझ्या कोटाला हसल्या. हसू येण्यासारखा तो होताच. मीही मागे वळून सभ्यपणे म्हणालो, “हा-हा.”

“हा-हा!” बाई आणखी मोठ्यानं म्हणाल्या आणि छत्री हलवू लागल्या. साहेबांनाही राहवेना. कोणी मोठं माणूस हसलं की हसायचं ही त्यांची कचेरीतली सवय, म्हणून तेही “हा-हा-हा” करू लागले. असे आम्ही तिघं एकमेकांना हसत असताना माझ्या पुढच्या पावलाखाली जमीन नव्हती.

मी एका खंदकात पडलो. वरून साहेबांचा चेहरा दिसत होता आणि समोरून एक गाय माझ्याकडे पाहत होती. दोघांपैकी गाय जास्त काळजीत होती.

बाईंनी वरूनच समजावलं. या खंदकालाच हा-हा म्हणतात. घराच्या बाजूला उभी भिंत, पलीकडून उतार. गाई बागेत येऊ शकत नाहीत, पण घरातून पाहिलं तर मध्ये कुंपण दिसत नाही, सगळं एकच गवत वाटतं. साहेब अगदी भारावून गेले. मी कोटाचं गवत झटकत वर येईपर्यंत त्यांनी हा-हाची खोली, रुंदी सगळं विचारून घेतलं होतं.

परत आल्यावर साहेबांना चांदा पहिल्यापेक्षा वाईट दिसू लागला. आमच्या गावाच्या तलावावर खात्याचा एक बंगला होता. तलाव पूर्वी मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा. मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचा झाला. सरकार म्हणजे नक्की कोण हे अजून ठरायचं होतं, तोवर साहेब ते आपणच असं धरून चालले होते. दसऱ्याच्या सुमारास नागपूरचे मोठे साहेब बंगल्यावर मुक्कामाला येणार होते. त्यांना ओसरीतून विलायत दिसली पाहिजे, असं साहेबांनी मनावर घेतलं. विलायत दिसली म्हणजे चांद्यातून बदली होणार, हेही त्यात होतं.

बंगल्यापुढे हरळी लावली गेली. गावची ढोरं त्यावर येऊ नयेत म्हणून हा-हा खणायचा ठरला. इथवर ठीक होतं. पण तिसरा हुकूम निघाला की मोठे साहेब येऊन जाईपर्यंत तलावाची मोरी, म्हणजे शेतांना पाणी सोडायचं दार, उघडायची नाही. तळं काठोकाठ हवं.

त्या वर्षी हस्ताचा पाऊस आलाच नाही. धान कणीस पोटात धरून पोटरीवर आलेलं. त्याला एक पाणी मिळालं तर वर्षाचं अन्न, नाही मिळालं तर नुसतं तणीस, रिकामा पेंढा. गावातली माणसं साहेबांकडे जाऊन आली. साहेब त्यांना म्हणाले, दृश्य पूर्ण व्हायला पाणी लागतं. माणसं ऐकून परत आली.

संध्याकाळी मी घरी गेलो. वडिलांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठे बाबा, ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. तलावाखालची पहिली बांधी आमची, तिच्यापाठोपाठ सगळ्या गावाच्या.

“बापू, तो हा-हा म्हन्जे का होय रे?” त्यांनी विचारलं.

“खंदकच होय, मोठे बाबा. ढोरं येऊ नाई म्हणून.”

“मंग खंदक म्हना ना. हासता काऊन?”

“त्याचं नावच तसं हाये. बंगल्यातून पाह्यलं त तो दिसत नाई. नुसतं गवत दिसते.”

“त्यातून पानी गेलं त?”

“तेई नाई दिसत.”

मोठ्या बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. “कुठून कुठवर खंदून राह्यले?”

मी साहेबांनी आखलेला नकाशा उलगडला. ढोरांनी वळसा घालून येऊ नये म्हणून साहेबांनी खंदक थेट तळ्याच्या काठापासून सुरू केला होता आणि हरळीच्या कडेनं गावाच्या बाजूला, आमच्या बांधीच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे कडेच्या बांधापर्यंत, आणून सोडला होता. मोठ्या बाबांनी नकाशा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मग अडकित्ता उचलून ते पुन्हा सुपारी कातरू लागले. 

सरकारी काम म्हटलं की आमच्या गावाला एरवी नेमका ताप येतो. हा-हा खणायला मात्र बाया, माणसं, म्हातारे सगळे आले. साहेब ओसरीतून पाहून खूश झाले. चुन्याची रेघ मी मारली होती. साहेबांनी एकदाच विचारलं, “तिकडे तळाला उतार होता का हो?”

“होता साहेब. जमीनच तशी होती.”

“मग इथंही तसाच द्या.”

तसाच दिला, आमच्या बांधीकडे. तळ्याच्या तोंडाशी पाणी अडवायला न खणलेल्या मातीचा एक धक्का तेवढा ठेवला. साहेब त्यावरून सकाळी फिरायला जात.

मोठे साहेब आले त्या दिवशी पहाटे तो धक्का तिथं नव्हता. ढोरांनी तुडवला असेल, असं गावात सगळे म्हणाले. आता ढोरं खंदकापलीकडे होती आणि धक्का अलीकडे, पण एवढा बारीक विचार त्या दिवशी कोणी केला नाही. मोठे साहेब ओसरीत चहा घेत बसले. पुढे हरळी, बाजूला भरलेलं तळं, लांब गावची ढोरं, मध्ये कुंपण नाही. मी कपबश्यांच्या मागे उभा होतो. साहेबांची बदली, माझी एटापल्ली आणि गावाचं धान, तिन्ही त्या एका खंदकातून वाहत होती.

मोठ्या साहेबांनी कान टवकारले. “पाण्यासारखा आवाज कसला येतोय?”

साहेबांनाही तो ऐकू आला. त्यांचा चेहरा पडला. हरळीपलीकडे बोट करून ते कसेबसे म्हणाले, “हा-हा, सर.”

मोठे साहेब थोडे चमकले. मग मनमोकळेपणानं म्हणाले, “हा-हा!” साहेबांना सवयीनं हसावं लागलं. मीही हसलो. स्वयंपाकघरातून खानसामाही हसला. पाण्याचा आवाज त्यात बुडून गेला.

निघताना मोठ्या साहेबांनी बंगल्याच्या शेरेबुकात साहेबांच्या कल्पकतेची आणि हसऱ्या स्वभावाची तारीफ लिहिली. तळं दोन हात उतरलेलं साहेबांना दुसऱ्या दिवशी दिसलं. ते खंदकाच्या काठाकाठानं थेट आमच्या बांधीपर्यंत चालत गेले. पण ज्या कामाची वरून तारीफ झाली ते बुजवायचं कसं? त्यांनी मला काही विचारलं नाही आणि मला एटापल्लीलाही पाठवलं नाही. काही दिवसांनी त्यांची बदली झाली, आणि तेव्हा मात्र ते खरोखर हसले.

धान चांगलं झालं. आमच्याकडे नवं अन्न रांधलं त्या दिवशी मी मोठ्या बाबांना तो विलायतेतला किल्ला, गवत, तळं, गाई सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते भात कालवत ऐकत होते.

“एवढा मोठा खंदक, एवढं पानी,” ते म्हणाले, “त्या गावच्या लोकायनं काऊन नाई नेलं आपल्या शेतात?”

“गावच नव्हतं राह्यलं, मोठे बाबा. धूर दिसते म्हणून उठवलं.”

त्यांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी विचारलं, “मंग थे लोक हा-हा काऊन म्हन्ते?”